ढोलीतल्या कोळ्याचा पत्ता

माझ्या गावाचं नाव या लेखात येणार नाही. तालुक्याचंही नाही. कोकणात आहे, एवढं पुरे. उगाच गूढ वाढवायचं म्हणून हे करत नाहीये. नाव सांगावं की नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

तीन वर्षांपूर्वी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, वर्क फ्रॉम होम मागून गावी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर पाऊस थांबला म्हणून टॉर्च घेऊन घरामागच्या राईत शिरलो. तिथल्या सगळ्यात जुन्या रायवळ आंब्याच्या ढोलीच्या तोंडाशी एक कोळी बसला होता. पाय पसरलेला, माझ्या तळहाताएवढा. राखाडी अंग, त्यावर काळ्या-पांढऱ्या रेषांची नक्षी, एखाद्या जुन्या घोंगडीसारखी. मी फोन काढला, तीन फोटो घेतले, आणि चौथ्याला तो ढोलीत नाहीसा झाला.

तो पोसिलोथेरिया या वंशातला आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. हा वंश भारत आणि श्रीलंका सोडून जगात कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. जमिनीत बीळ न करता झाडांच्या ढोल्यांमध्ये राहणारे हे टॅरंटुला. नेमकी जात ठरवायची तर पायांची खालची बाजू पाहावी लागते, आणि ती माझ्या फोटोत नव्हती. पण हे कळेपर्यंत माझ्या वयाचा कुणीही जे करेल ते मी करून बसलो होतो. फोटो स्टोरीवर टाकला होता. वर गावाचं लोकेशन आणि ‘आमच्या पणजोबांनी लावलेला आंबा’ अशी ओळ.

लाइक्स आले, ‘ईईई’ आले. दोन दिवसांनी एका अनोळखी अकाउंटवरून मेसेज आला. इंग्रजीत, अगदी नम्र. ढोली जमिनीपासून किती उंचीवर आहे? अशा ढोल्या आसपास आणखी आहेत का? पिल्लं दिसली का? कुणीतरी आपल्या कोळ्यात एवढा रस घेतंय म्हणून मी खूश होतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊनही टाकलं. दुसऱ्याचं टाइप करताना मात्र वाटलं, हा माणूस कोळ्याबद्दल काहीच विचारत नाहीये. तो फक्त पत्ता विचारतोय. मी अकाउंट ब्लॉक केलं आणि स्टोरी काढून टाकली. स्टोरी तशीही चोवीस तासांत गेलेलीच होती. स्क्रीनशॉट कुणाकडे गेले, ते मला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ढोली रिकामी होती. तोंडाशी साल उचकटलेली होती. एखाद्या पोरानं काठी घातली असेल. उदमांजराचं काम असेल. नाहीतर तो माणूस खरंच आला असेल. मला हे कधीच कळणार नाही, आणि त्याबद्दल मी आता तर्क करणंही सोडून दिलंय.

*

कोळी कोण विकत घेतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. उत्तर शोधताना गुत्तीच्या कोळ्याची गोष्ट सापडली.

पोसिलोथेरिया मेटॅलिका हा याच वंशातला, गर्द निळा कोळी. निळा म्हणजे खरोखर निळा. हा रंग रंगद्रव्याचा नसतो, केसांच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश तसा परावर्तित होतो. पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं १८९९ साली त्याचं वर्णन केलं. नमुना मिळाला होता आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुत्ती स्टेशनाजवळ, रेल्वेच्या लाकूड-वखारीत. पुढची शंभर वर्षं हा कोळी कुणाला पुन्हा दिसला नाही. अखेर १०२ वर्षांनी तो सापडला तो गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. म्हणजे मूळ नोंदीतला पत्ताच त्याच्या घराचा नव्हता. बहुधा तोडलेल्या लाकडांबरोबर प्रवास करून तो वखारीत पोचला होता.

खरा पत्ता मिळाल्यावर दोन गोष्टी झाल्या. आययूसीएननं त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं, कारण त्याचं ज्ञात क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी होतं आणि तेही तोडीनं विरळ झालेलं जंगल होतं. आणि परदेशातल्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात तो प्रचंड लोकप्रिय झाला. आज जगभरातल्या घरांमध्ये, काचेच्या पेट्यांमध्ये त्याची पैदास होते. २०१९ साली पोसिलोथेरियाचा संपूर्ण वंश साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं.

हौस फक्त सुंदर प्राण्यांचीच असते असंही नाही. स्लोव्हेनियाच्या काही गुहांमध्ये काही मिलिमीटर लांबीचा, तपकिरी, आंधळा भुंगेरा राहतो. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण १९३० च्या दशकात त्याला हिटलरचं नाव दिलं गेलं. आता नाझी काळातल्या वस्तू जमवणारे लोक त्याच्यासाठी पैसे मोजतात, आणि तो गुहांमधून चोरून पकडला जातो. आपल्याकडे २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली होती. त्यांतला एक तर व्यवसायानं कीटकशास्त्रज्ञ होता.

२०१७ साली डेव्हिड लिंडनमायर आणि बेन शील या दोन ऑस्ट्रेलियन परिसरशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. दुर्मीळ जातींची नेमकी ठिकाणं छापू नका, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि शीर्षकही तेवढंच होतं. ते वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. माझी चूक काय होती आणि यापुढे काय करायचं, दोन्ही कळल्यासारखं झालं.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे हा धडा पहिल्याच वर्षी मिळतो. एखादी गुप्त की चुकून सार्वजनिक कोडमध्ये गेली, तर ती नंतर पुसून उपयोग नसतो. कुणीतरी ती वाचली आहे असंच धरायचं आणि की बदलायची. आमचं नशीब, की बदलता येते. कोळ्याला ढोली बदल म्हणून सांगता येत नाही. पोसिलोथेरियाची मादी दहा वर्षांहून जास्त जगू शकते, आणि त्यातला बहुतेक काळ ढोलीच्या आसपासच काढते. सांगितलेलं मागे घेता येत नाही, न सांगितलेलं उद्या सांगता येतं. म्हणून शंका असेल तर गप्प बसावं. मला हे बिनतोड वाटलं होतं.

*

त्याच वर्षी मला आणखी एक ढोली सापडली. गडग्याच्या पलीकडे, नानांच्या हद्दीत. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. ढोलीच्या तोंडाशी रेशमाचं अस्तर, आत मादी, आणि तिच्याभोवती पिल्लं. मी अर्धा तास हलू शकलो नाही.

या वेळी सगळं नीट केलं. आयनॅचरलिस्टवर नोंद टाकताना ठिकाण झाकून ठेवण्याचा पर्याय निवडला. तसं केलं की सर्वसामान्य वापरकर्त्याला नेमका बिंदू दिसत नाही. साधारण वीस-बावीस किलोमीटर बाजूच्या चौकटीत कुठेतरी टाकलेला एक ठिपका दिसतो. त्याच फेरीत टाकलेल्या इतर फोटोंवरून कुणी माग काढू नये म्हणून तारीखही झाकली जाते, महिना तेवढा राहतो. फोटोत मागचं घराचं छप्पर येत होतं, ते मी कापलं. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवला नाही. घरात आईलाही सांगितलं नाही, कारण आई मावशीला सांगेल.

पुढच्या मे महिन्यात गेलो तर गडग्याच्या पलीकडे उजेड होता. मोकळं आभाळ दिसत होतं. नानांनी राईतली पाच उभी झाडं लाकडाच्या व्यापाऱ्याला दिली होती. काकूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे हवे होते. त्या पाचांत ते झाड होतं.

मी नानांना ढोलीबद्दल विचारलं.

“होती ना. तोडताना त्यातनं हे एवढे कोळी निघाले. गडी घाबरले, चपलेनं मारले.”

“किती होते?”

“मोजतंय कोण! बारकीपण होती पुष्कळ.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कोळी कुठला, किती दुर्मीळ, मी त्याची नोंद कुठे केली. नाना ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मग मला सांगायचं होतंस. मी काय त्याच झाडासाठी अडून बसलो होतो? त्याच्या बाजूचं दिलं असतं.”

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. पहिल्या ढोलीचं काय झालं हे मला ठाऊक नाही. दुसरीचं ठाऊक आहे. ज्याच्या हातात ते झाड होतं त्या एका माणसापासून मी ते लपवलं, आणि म्हणून ते गेलं.

*

यानंतर मी लार्ज ब्लू या इंग्लिश फुलपाखराबद्दल वाचलं, आणि नाना आठवत राहिले.

लार्ज ब्लू आधीपासूनच दुर्मीळ आणि संग्राहकांचं लाडकं. त्याची अळी आधी थाइमच्या फुलांवर जगते, मग जमिनीवर पडते. मुंग्या तिला आपलीच अळी समजून वारुळात नेतात, आणि ती तिथं महिनोन् महिने मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. फुलपाखरं कमी होऊ लागली तेव्हा ठपका संग्राहकांवर आला. काही जागांना कुंपणं घातली, माणसांना मज्जाव केला. कुंपणामुळे गुरंही बाहेर राहिली. त्यातच १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीनं ससे मेले. चरणारं कुणी उरलं नाही, गवत वाढलं, गवताखालची जमीन थंड झाली. या फुलपाखराला लागणारी मुंगी नेमकी एकाच जातीची, मिर्मिका साबुलेटी, आणि तिला आखूड गवताखालची उबदार जमीन लागते. मुंगी गेली, पाठोपाठ फुलपाखरू गेलं. कुंपण मात्र शाबूत होतं.

जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानं १९७२ पासून शेवटच्या वसाहतीत ठाण मांडून हे कोडं सोडवलं, पण तोवर उशीर झाला होता. १९७९ साली लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९८३ पासून ते स्वीडनमधून आणून पुन्हा वसवण्यात आलं. यावेळी गुरं चरत होती, गवताची उंची राखली जात होती. आज नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये ते पुन्हा उडतं, आणि सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिलवर तर लोक ते पाहायला जातात.

माझ्या बिनतोड तर्कातली भेग इथे दिसते. न सांगितलेलं उद्या सांगता येतं, हे खरं. पण उद्यापर्यंत ते झाड, ते माळरान, ती मुंगी जागेवर असेल हे मी गृहीत धरलं होतं. शांत राहिलं की परिस्थितीही शांत राहते, असं काहीसं. प्रत्यक्षात करवत सुरू असते, गवत वाढत असतं.

कोकणातल्या माणसाला याचं आणखी मोठं उदाहरण रोज दिसतं, ते म्हणजे सडा. जांभ्याचं हे पठार सरकारी दफ्तरात बऱ्याचदा पडीक जमीन म्हणून गणलं जातं. उन्हाळ्यात तिथे चप्पल वितळेल असं ऊन. पण पावसाळ्यात दगडातल्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात इवले पारदर्शक परी-झिंगे पोहू लागतात. त्यांची अंडी कोरड्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघत तग धरतात. यांतली एक जात, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस, २०१४ साली शास्त्राला नव्यानं कळली. म्हणजे मोबाइल, इंटरनेट, मंगळयान सगळं आल्यावर. अशा सड्यावर खाण काढायची असेल तेव्हा कागदावर प्रश्न विचारला जातो की इथे काय आहे? नकाशावर एकही ठिपका नसेल तर उत्तर येतं, काही नाही. नोंद नसणं आणि जीव नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण फाइलमध्ये दोन्ही कोरेच दिसतात.

आल्फ्रेड वॉलेसनं ही तक्रार १८५२ सालीच केली होती. ॲमेझॉनमधून परतल्यावर त्यानं लिहिलं की संग्रहालयातल्या माकडांच्या नमुन्यांवर जागेची नोंद इतकी मोघम असते, की प्राणी नदीच्या या काठावरचा की त्या, तेही कळत नाही. आणि त्यानं दाखवून दिलं की तेच तर महत्त्वाचं होतं, कारण मोठी नदी ही काही जातींची हद्द असते. कोणता जीव नेमका कुठे राहतो याबद्दलच्या आपल्या अज्ञानाला आज वॉलेसचंच नाव दिलेलं आहे.

*

मग करायचं काय? सांगितलं तर बाजार, नाही सांगितलं तर करवत?

बराच काळ मी हा प्रश्न असाच मांडत होतो, म्हणून तो सुटत नव्हता. सांगायचं की नाही हे ठरवताना मी ‘कुणाला’ हा शब्द गाळत होतो. पहिल्यांदा मी जगाला सांगितलं. दुसऱ्यांदा कुणालाच नाही सांगितलं, असं मी म्हणत होतो, पण ते खोटं आहे. मी आयनॅचरलिस्टवर सांगितलं. वेबसाइटच्या सर्व्हरवर नेमके अक्षांश-रेखांश आहेत. ओळख पटवून देणाऱ्या, कधीही न भेटलेल्या एका जाणकाराला मी ते आपणहून कळवले. आणि हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या नानांना नाही.

का नाही? स्वतःला विचारल्यावर जे उत्तर आलं ते फार चांगलं नव्हतं. मला वाटत होतं, नानांना यातलं काय कळणार. ते मारून टाकतील. गावभर करतील. जंगलापासून जीव वाचवायचे ते जंगलातल्याच माणसांपासून, हा शहरातल्या निसर्गप्रेमींचा जुना समज माझ्यात मुरला होता. माझ्या गुप्ततेत सावधगिरी होती तसा अपमानही होता. तोही माझ्याच माणसाचा, ज्याच्या जमिनीवर मी न विचारता रात्री टॉर्च घेऊन फिरत होतो.

आमच्या गावाला देवराई आहे. तिचा पत्ता कुणीही लपवलेला नाही. शाळेतलं पोरही तिकडे बोट दाखवेल. तरी तिथलं वाळकं लाकूडही कुणी सहसा उचलत नाही, आणि झाड तोडायची वेळ आलीच तर आधी देवाला कौल लावावा लागतो. मी श्रद्धाळू नाही, आणि देवराया तुटल्या नाहीत असंही नाही. रस्त्यासाठी, मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुष्कळ तुटल्या. पण त्यात एक व्यवस्था आहे जी माझ्या ॲपमध्ये नाही. तिथे ठिकाण कळतं तेव्हाच त्याबरोबर बंधनही कळतं. ज्याला ठाऊक आहे तो विचारल्यावर उत्तर द्यायला बांधील असतो, कारण त्याला तिथेच राहायचं असतं.

स्टोरी पाहणाऱ्या माणसावर असं काही बंधन नसतं. दर वर्षी मे अखेर-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे पाहायला लोटणारी गर्दी आठवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या त्या झाडांचा पत्ता आता सगळ्यांना ठाऊक आहे. हेडलाइटच्या उजेडात काजव्यांना एकमेकांचे संकेत दिसत नाहीत, जमिनीलगतच्या अळ्या आणि माद्या पायाखाली येतात. आलेल्यांतला कुणीही वाईट माणूस नसतो. सोमवारी सकाळी तो ऑफिसात असतो, एवढंच.

म्हणून आता माझा नियम साधा आहे. ज्याच्या एका निर्णयानं ती जागा राहू किंवा जाऊ शकते, त्याला सगळं सांगायचं, आणि सगळ्यात आधी सांगायचं. अभ्यासकाला नेमकं ठिकाण द्यायचं, पण कशासाठी हवंय ते विचारून. जगाला एवढं कळू द्यायचं की या भागात हा जीव आहे, या महिन्यात दिसतो, अशा झाडांवर राहतो. म्हणजे उद्या कुणी ‘इथे काही नाही’ असं लिहिलं तर ते खोडता येईल.

हा नियम चुकू शकतो, हेही मला कळतं. ज्याला सांगू तो विकू शकतो. नानांना पैशाची गरज पुन्हा पडेल, आणि तेव्हा बाजूचं झाड उरलेलं नसेल. एका कोळ्यासाठी काकूचं ऑपरेशन थांबवा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? मी ते म्हणणार नाही. पण निर्णय घेताना त्यांच्यासमोर ती ढोलीही असायला हवी होती. ती मी काढून घेतली होती.

या जूनमध्ये मी नानांना रात्री राईत घेऊन गेलो. माझ्याकडे टॉर्च, त्यांच्याकडे काठी. म्हटलं, उरलेल्या झाडांत शोधू. पाऊण तास काहीच दिसलं नाही. मग नाना म्हणाले, “पऱ्ह्याच्या अलीकडच्या जांभळीत बघितलंस का? तिथे असतात. मी शाळेत जायचो तेव्हापासून आहेत.”

तिथे होते.

मी नोंद केली. ठिकाण झाकलं. तारीख, झाड, ढोलीची उंची, सगळं लिहिलं. माझ्या स्वतःच्या वहीत मात्र आता एक रकाना जास्त आहे. त्यात लिहितो, हे ठिकाण आणखी कुणाला ठाऊक आहे. जांभळीच्या ओळीत नानांचं नाव आहे, माझ्या नावाच्या आधी.